लेहरा स्पीकरवर, विद्यार्थिनी हेडफोनमध्ये: मिरजेच्या एका तबलावर्गाचं प्रकरण

मिरजेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर शनिवारी संध्याकाळी तबल्याचा वर्ग भरतो. सतरंजीवर पाच-सहा मुलं बसतात आणि टेबलावरच्या डेस्कटॉपच्या पडद्यावर न्यू जर्सीची एक मराठी मुलगी असते. तिच्याकडे तेव्हा सकाळ असते. पेटीवाला दर वेळी मिळत नाही, म्हणून गुरुजी लेहरा, म्हणजे तबल्याला तालाचा आधार देणारी पुन्हापुन्हा फिरणारी धून, कॉम्प्युटरवरूनच लावतात. एक सबवूफर आणि दोन डबे असा साधा टू-पॉइंट-वन संच आहे, त्यातून लेहरा खोलीभर वाजतो आणि मुलं त्यावर कायदे, रेले या तबल्याच्या रचना म्हणतात, वाजवतात.

मला निरोप आला तो एवढाच: "मागचं हिरवं भोक ढिलं झालंय. तेवढं बदलून दे."

भोक खरंच ढिलं झालं होतं. दिवसातून अनेकदा टेबलाखाली वाकून स्पीकरची पिन काढायची, हेडफोनची घालायची, पुन्हा स्पीकरची घालायची, हे वर्षानुवर्षं चाललेलं. त्याचं एक मजेशीर लक्षण दिसत होतं. काही वेळा गाण्यातला गायक नाहीसा व्हायचा, मागचा तानपुरा आणि पेटी मात्र लांबून आल्यासारखी ऐकू यायची. गुरुजींना वाटलं, रेकॉर्डिंगच खराब आहे. असं होतं ते जॅकमधला अर्थचा संपर्क सुटल्यामुळे. डाव्या आणि उजव्या कानाला परतीची समाईक तार लागते, ती तुटली की दोन्ही कानांना फक्त डाव्या-उजव्यातला फरक मिळतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा मुद्रित केलेला असतो, त्यामुळे वजाबाकीत तो शून्य होतो.

पण भोक बदलून काही होणार नव्हतं. सहा महिन्यांत नवंही ढिलं झालं असतं. म्हणून मी आधी विचारलं, की नेमकं काय काय हवंय? हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. "हेडफोन आणि स्पीकर दोन्ही जोडायचेत" एवढं ऐकलं की लगेच एक तार हातात देतात. गुरुजींकडेही तसा एक स्प्लिटर, म्हणजे एका भोकाची दोन करणारी तार, पडून होता.

उत्तरं चार निघाली. शनिवारच्या वर्गात लेहरा स्पीकरवर हवा आणि परदेशातल्या मुलीचा आवाज हेडफोनमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन वेगळे आवाज दोन ठिकाणी. रात्री घरचे झोपल्यावर गुरुजींना जुनी मुद्रणं ऐकायची असतात, तेव्हा स्पीकर पूर्ण गप्प हवा. दिवसा सगळं स्पीकरवर. आणि चौथी गरज गुरुजींच्या वडिलांची, आबांची. त्यांना कमी ऐकू येतं. घरातले सगळे स्पीकरवर ऐकतात तेव्हा त्यांना तेच, त्याच क्षणी, पण कानात मोठ्यानं हवं असतं.

वरवर हे सगळं 'दोन्ही जोडणं' आहे. प्रत्यक्षात या वेगवेगळ्या मागण्या आहेत आणि एकाच युक्तीत त्या बसत नाहीत. स्प्लिटर फक्त चौथीला पुरतो.

स्प्लिटर का फसला होता

गुरुजींनी तो लावून पाहिला होता आणि "आवाज नीट जुळत नाही" म्हणून काढून ठेवला होता. तक्रार रास्त होती. स्प्लिटर दोन्हीकडे एकच पातळी पाठवतो. हेडफोन कानाला चिकटलेला, त्याला थोडंसं पुरतं, म्हणून कॉम्प्युटरचा आवाज पंधरा-वीसवर आणावा लागतो. मग त्या क्षीण संकेतावर स्पीकरची खुंटी शेवटपर्यंत फिरवावी लागते, आणि लेहऱ्याबरोबर अॅम्प्लिफायरची सुरसुरही मोठी होते. तानपुऱ्याच्या खाली सतत 'श्श्श' चालू असलेलं तबलजीला खपत नाही, आणि का खपावं?

दोन उपकरणं समांतर जोडल्यामुळे साउंड कार्डावर भार येतो का, असंही विचारलं गेलं. साध्या हेडफोनचा रोध ३२ ओहमच्या आसपास असतो, तर स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेल्या स्पीकरचा इनपुट रोध हजारो ओहमचा. त्यामुळे भार येतो तो जवळपास सगळा हेडफोनचाच. स्पीकर जोडला काय, न जोडला काय, फारसा फरक नाही. दोन हेडफोन जोडले तर गोष्ट वेगळी, तिथे रोध निम्मा होतो.

पुढचं भोक मुकं का होतं

कॅबिनेटच्या तोंडावर हेडफोनचं भोक होतंच. कधीच चाललं नाही, म्हणून सगळे त्याला शोभेचं समजत होते. माझा बहुतेक वेळ इथे गेला, आणि या प्रकरणातला खरा रस मला इथेच वाटतो.

पुढच्या भोकाची तार कॅबिनेटच्या आतून मदरबोर्डवरच्या दहा जागांच्या एका जोडणीला येते. त्यातली आठवी पिन मुद्दाम नसते, म्हणजे प्लग उलटा बसू नये. जुन्या कॅबिनेटमध्ये या तारेच्या टोकाला दोन प्लग असतात: एकावर 'एसी ९७' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'एचडी ऑडिओ'. पहिली पद्धत १९९७ ची, दुसरी इंटेलनं २००४ मध्ये आणलेली. दोन्हींत आठवीच जागा रिकामी, त्यामुळे कुठलाही प्लग बिनबोभाट बसतो. गुरुजींचा डेस्कटॉप ज्यानं जोडून दिला त्यानं 'एसी ९७'चा लावला होता आणि दुसरा तारांच्या जुडग्यात बांधून टाकला होता.

गंमत अशी, की आवाज वाहणाऱ्या पिना दोन्ही पद्धतींत त्याच आहेत, उजव्यासाठी पाचवी आणि डाव्यासाठी नववी. म्हणजे वाट मोकळी होती. फरक आहे सहाव्या, सातव्या आणि दहाव्या पिनेचा. जुन्या पद्धतीत आवाज पुढच्या भोकापर्यंत जाऊन सहाव्या आणि दहाव्या पिनेवरून परत मागे यायचा. पुढे पिन घातली की भोकातली पत्ती उचलली जायची आणि मागचा आवाज आपोआप तुटायचा, निव्वळ यांत्रिक खटका. म्हणूनच त्या काळच्या बोर्डांवर पुढची तार लावलेली नसेल तर पाच-सहा आणि नऊ-दहा अशा दोन जोड्यांवर टोप्या घालाव्या लागायच्या. त्या हरवल्या की मागचा आवाजही बंद, आणि लोक साउंड कार्ड जळालं समजून नवं घ्यायचे.

नव्या पद्धतीत आवाज परत येत नाही. सातव्या पिनेवरून एक चौकशीचा संकेत जातो आणि माइक किंवा हेडफोन घातला असेल तर ठरावीक रोधातून सहाव्या किंवा दहाव्या पिनेवर उत्तर येतं. त्या उत्तरावरून ध्वनीची चिप ओळखते, की इथे काहीतरी आलं. चुकीच्या प्लगमुळे हे उत्तर कधी पोचतच नव्हतं. हेडफोन दारात उभा आणि घंटा तुटलेली, असा प्रकार. चिपला कोणी आलंय हे कळलं नाही, म्हणून तिनं आवाज सोडला नाही.

'एचडी ऑडिओ'चा प्लग लावला. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, पुढच्या पॅनेलचा प्रकार विचारणारी एक ओळ काही बोर्डांवर असते, तीही 'एचडी'वर असल्याचं पाहून घेतलं. पुढचं भोक लगेच बोलू लागलं.

ज्यांना कॅबिनेट उघडायचं नाही त्यांनी सरळ यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घ्यावं. पेन ड्राइव्हएवढं असतं, काही शे रुपयांत मिळतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि विंडोजला ते स्वतंत्र उपकरण म्हणून दिसतं. आत दुसरा प्लग सापडला नसता तर मीही इथे तेच केलं असतं. त्यात कमीपणा काही नाही.

घातला की स्पीकर गप्प

पुढे हेडफोन घातला की मागचा स्पीकर बंद, काढला की चालू. बोर्डावरची ध्वनीची चिप रिअलटेक कंपनीची, आणि तिच्या ड्रायव्हरमध्ये मुळात असंच ठरवलेलं असतं. गुरुजींची रात्रीची गरज एवढ्यावर भागली. टेबलाखाली वाकणं संपलं म्हणून ते तिथेच समाधानी होते, पण शनिवारच्या वर्गाला हे उपयोगाचं नव्हतं.

या बोर्डावर एएलसी८८७ ही चिप आहे, साध्या बोर्डांवर सर्रास दिसणारी. तिच्यात आवाजाच्या दहा वाहिन्या आहेत: आठ मागच्या सेव्हन-पॉइंट-वन मांडणीसाठी आणि दोन खास पुढच्या भोकासाठी, वेगळा आवाज वाजवता यावा म्हणून. घरोघरी ही सोय विकत घेतलेली असते आणि बहुतेकांना तिचा पत्ता नसतो, कारण ती एका कोपऱ्यातल्या खिडकीत दडवलेली आहे. रिअलटेकचा ऑडिओ मॅनेजर किंवा नव्या ड्रायव्हरबरोबर येणारा ऑडिओ कन्सोल उघडायचा, त्यात 'डिव्हाइस अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'वर जायचं. तिथे दोन पर्याय दिसतात. एक, पुढे हेडफोन घातल्यावर मागचं बंद करा. दुसरा, पुढे आणि मागे एकाच वेळी दोन वेगळे ध्वनिप्रवाह वाजवा. दुसरा निवडला की विंडोजच्या यादीत आतापर्यंत एकच असलेल्या नोंदीच्या दोन होतात: 'स्पीकर्स' आणि 'रिअलटेक एचडी ऑडिओ सेकंड आउटपुट'. दुसरी म्हणजे पुढचं भोक.

विंडोज अपडेटनं कधी कधी रिअलटेकऐवजी मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवलेला असतो. तसं असेल तर ही खिडकी शोधून सापडत नाही. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा लागतो.

गुरुजींचा मुलगा पुण्यात लिनक्स वापरतो, त्यानं फोनवर विचारलं म्हणून एवढंच: तिथे हाच प्रश्न अल्सामिक्सरमधल्या 'ऑटो म्यूट मोड'पाशी असतो, आणि कुठला कार्यक्रम कुठे वाजवायचा ते पाव्हूकंट्रोलमध्ये ठरतं.

कोणाचा आवाज कुठे

दोन वाटा मिळाल्या, आता त्यांवर कोणाला सोडायचं ते ठरवायचं होतं. विंडोज १० मध्ये २०१८ च्या एप्रिलमधल्या आवृत्तीपासून प्रत्येक कार्यक्रमाला वेगळं उपकरण देता येतं. विंडोज ११ मध्ये हे सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड आणि मग व्हॉल्यूम मिक्सर अशा वाटेनं सापडतं. स्पीकर हे मूळ उपकरण ठेवलं, म्हणजे लेहरा आपोआप तिकडे जातो. झूममध्ये स्पीकरची निवड त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असते, तिथे 'सेकंड आउटपुट' दिलं.

इथे एक मेख आहे. विंडोज आवाजाची वाटणी कार्यक्रमानुसार करतं, टॅबनुसार नाही. लेहरा आणि कॉल एकाच ब्राउझरच्या दोन टॅबांत असतील तर मिक्सरमधून ते वेगळे करता येत नाहीत. गुगल मीटमध्ये स्पीकर निवडायची सोय आहे म्हणून तिथे चालून जातं, पण ज्याला ती भानगड नको त्यानं लेहरा सरळ वेगळ्या ब्राउझरमध्ये किंवा व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये लावावा. गुरुजींनी लेहऱ्याच्या फाइली उतरवूनच ठेवल्या होत्या, त्यामुळे इंटरनेट अडखळलं तरी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकत नाही.

सगळं लागलं, कॉल लावून पाहिला, आणि लेहरा धपकन खाली बसला. वाजत होता, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. कॉल तोडला की पुन्हा वर. गुरुजी म्हणाले, "तुझ्या त्या प्लगनंच काहीतरी केलंय." प्लगचा दोष नव्हता. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, हे विंडोजनं आपल्या मनानं ठरवून ठेवलेलं असतं. बोलणाऱ्या माणसाला ते सोयीचं, संगीताच्या वर्गाला जाचक. 'मोअर साउंड सेटिंग्ज'मध्ये 'कम्युनिकेशन्स' नावाचं पान आहे, त्यात 'डू नथिंग' निवडलं. अनेक संगीतशिक्षक या एका गोष्टीपायी नवे स्पीकर घेऊन बसले असतील, अशी मला दाट शंका आहे.

हेडफोन इथे चैन नाही

मुलीचा आवाज स्पीकरवरच का नको, असा प्रश्न वर्गातल्या एका पालकांनी विचारला. न्यू जर्सीला आवाज जाताना पाव सेकंद आणि येताना पाव सेकंद धरा. तीनताल मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चालला असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे गुरुजींची सम ऐकून तिनं अचूक समेवर थाप मारली, तरी ती मिरजेत पोचते एक अख्खी मात्रा उशिरा. ती थाप स्पीकरवर आली तर समोरची मुलं बिघडलीच. त्यामुळे ती तिच्याकडे तिचा वेगळा लेहरा लावून वाजवते आणि गुरुजी एका कानात तिला ऐकतात, दुसरा कान खोलीसाठी मोकळा ठेवतात.

दुसरं कारण माइकचं. कॉलचे कार्यक्रम माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेले असतात. सतत वाजणारा सूर त्यांना पंख्याची घरघर वाटते आणि ते तो पुसून टाकतात. तानपुरा गायब, पेटी तुटक, डग्ग्याची घुमक अर्धी. झूममध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायचा पर्याय आहे, तो लावावाच लागतो. पण त्यात प्रतिध्वनी मारणारी यंत्रणा बंद ठेवली, की मुलीचा आवाज स्पीकरवर असल्यास तो माइकमध्ये शिरून तिच्याकडे परत जाणार. तो हेडफोनमध्ये असला तर ही अडचणच उरत नाही.

गुरुजींच्या पुतण्यानं भेट दिलेला ब्लूटूथ हेडफोन मी या कामाला लावू दिला नाही. नुसतं ऐकायला तो चांगला आहे. पण कॉलनं त्याचाच माइक घेतला, की ब्लूटूथ संगीताची वाट सोडून फोनच्या वाटेवर येतं आणि आवाज एकसुरी, बोथट होतो. चाटेचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, टणत्कार त्यात उरत नाही, आणि शिकवणाऱ्याला नेमका तोच ऐकायचा असतो.

घुमघुम

स्पीकर आणि हेडफोन दोन्ही जोडल्यावर सबवूफरमधून बारीक 'घूंऽऽ' ऐकू येऊ लागलं आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत. मुंग्या आधीपासून होत्या, घरच्यांना त्याची सवय झाली होती. अशी सवय होऊ देऊ नये. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये दोन्ही तारांकडून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर असतात आणि त्यातून येणारी किंचित गळती अर्थिंगमधून जमिनीत जावी अशी रचना असते. अर्थिंग नसेल तर पत्रा मेन्सच्या साधारण निम्म्या दाबावर तरंगतो. तीच गळती हिरव्या भोकातल्या ऑडिओ तारेच्या कवचातून स्पीकरकडे गेली की घुमघुम ऐकू येते.

वाड्यातल्या त्या प्लग पॉइंटला तिसरं भोक होतं, पण मागे तारच नव्हती. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग ओढून घेतलं आणि कॉम्प्युटर, स्पीकर, मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणले. घुमघुम गेली, मुंग्याही गेल्या. अशा वेळी तिसरा काटा कापून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात, त्यांना वायरिंगपासून लांब ठेवावं.

आबांचं काय

चौथ्या गरजेला तोच पडून असलेला स्प्लिटर कामी आला. मागच्या हिरव्या भोकात स्प्लिटर बसवला, त्याच्या एका फाट्यावर स्पीकर आणि दुसऱ्यावर आबांच्या खुर्चीपर्यंत जाणारी लांब तार. फरक फक्त एवढा, की हेडफोन असा आणला ज्याच्या तारेवर स्वतःची आवाजाची चकती आहे. आता कॉम्प्युटरचा आवाज वर ठेवता येतो, स्पीकरची खुंटी मध्यावर राहते, सुरसुर येत नाही, आणि आबा त्यांच्यापुरतं कमी-जास्त करतात. विंडोजमध्ये 'स्टिरिओ मिक्स'मधून एका उपकरणाचा आवाज दुसऱ्यावर ऐकवायचीही सोय आहे, पण त्यात किंचित उशीर लागतो. एकाच खोलीत स्पीकरचा आवाज आधी आणि कानातला मागून आला तर आबांना दोन-दोन ठेके ऐकू आले असते. तारेला हा उशीर नाही.

ढिलं झालेलं मागचं भोक मी बदललं नाही. त्यात स्प्लिटरची पिन घालून तार कॅबिनेटला बांधून टाकली. ती आता कोणी काढत नाही, त्यामुळे संपर्क सुटत नाही. उद्या सुटलाच, तर मागच्या बाकीच्या भोकांपैकी एखादं ड्रायव्हरमधून स्पीकरसाठी नेमून देता येईल.

एक काम मात्र अधूनमधून करावं लागतं. ड्रायव्हरचं मोठं अपडेट आलं की दोन प्रवाहांचा पर्याय पुसला जाऊन 'सेकंड आउटपुट' यादीतून नाहीसा होतो, आणि झूम मुकाट्यानं स्पीकरवर येतं. गुरुजींनी रिअलटेकच्या त्या खिडकीचा फोटो छापून टेबलाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, योग्य पर्यायाभोवती लाल शाईचं वर्तुळ काढून. शनिवारी वर्गाआधी मोठ्या मुलांपैकी कोणीतरी तो पाहून तपासतं आणि मग कॉल लावतं.